आणून दिलेला तुकडा

पूर्वी नमुना कापायला ती स्वतः जायची. खाणीच्या तोंडाशी करवत घेऊन उभी राहायची, आणि माणसं उतरवणाऱ्या पाळण्याच्या दोराचा तुकडा तिच्या डोळ्यांदेखत कापला जायचा. मग तिच्या सरकारी संशोधन संस्थेला स्वतःचं पोट स्वतः भरायला सांगितलं गेलं. दारावर ‘ग्राहक सेवा कक्ष’ अशी पाटी आली, आणि नमुना ग्राहकच आणून देऊ लागला.

त्या दिवशी खाणवाल्यांनी आणलेला पोलादी दोर तिनं बोटांत फिरवला. ताज्या ग्रीसचा वास, गंजाचा कण नाही. तिचा धाकटा दीर त्याच खाणीत होता; त्याच्या तळव्यांवरचा त्या दोराचा तांबडा गंज साबणालाही दाद देत नसे.

“साहेब, हा तुकडा त्या दोराचा नाही.”

“नसेल. आपण फक्त आलेल्या तुकड्याचं बोलतो, तसं अहवालाखाली छापलंयच,” प्रमुख चहा फुंकत म्हणाले. “आता आपण फौजदार नाही, बाई. दुकान मांडलंय.”

यंत्रानं तुकडा ताण ताण ताणला. हवा होता त्याहून कितीतरी जास्त भार त्यानं पेलला. खोटं काहीच नव्हतं. तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर दारातूनच ओरडला, “वहिनी, आज खाणीत तुझाच भाव!”

“काय झालं, भाऊजी?”

“अगं, दोर बदला म्हणून पोरं अडून बसली होती. आज तुमचा कागद फाटकावर लागला. मी म्हटलं, सही माझ्या वहिनीची आहे. भाजीत मीठ विसरेल, पण यंत्रापाशी चुकायची नाही. उद्या सगळे उतरतायत.”

तिच्या हातातली पळी तिथंच थांबली. तिनं सगळं सांगितलं.

तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. “मग सही कशाला केलीस गं?”

“तुकडा चांगला होता, भाऊजी.”

सकाळी तो न खाताच निघाला. “पोरांना सांगून बघतो,” एवढंच म्हणाला. मागोमाग ती जुनी करवत पिशवीत घालून खाणीच्या फाटकाशी पोचली.

“नमुना कापायचाय,” ती म्हणाली.

“तपासणी झालीय, बाई,” जुन्या ओळखीच्या पहारेकऱ्यानं अदबीनं कागदाकडे बोट दाखवलं. “ही बघा, सही.”

“माझा दीर कुठाय?”

“तो होय? दोर कच्चा आहे म्हणत होता. कालच यानं छातीठोक सांगितलेलं, म्हणून पोरं हसली, पाळण्यात चढलीसुद्धा. मग हाही चढला. म्हणाला, यांना मीच आणलंय.”

पाळण्याच्या दोराचं वरचं मोठं चाक कुरकुरलं, आणि फिरू लागलं.