अ‍ॅडलेडची दहा, मृणालिनीची एक

"मंगळवारी दुपारी तुम्ही आमच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला यायचं, विभावरीताई," मृणालिनी दारातच म्हणाली. हातात कुंकवाची कोयरी होती, म्हणजे नाही म्हणायची सोय तिने ठेवलीच नव्हती.

"आत्ता? पितृपक्षात?" मी विचारलं.

"म्हणूनच. अविधवा नवमी आहे. मुग्धाताईंची."

मी दार धरून तशीच उभी राहिले. शारजातल्या अल नहदाच्या या टॉवरमध्ये आमची दारं समोरासमोर. समोरच्या दारात मी आधी मुग्धाला पाहिलंय. ती माझी मैत्रीण. नुसती 'हाय-हॅलो'वाली नाही, एकीच्या घरी भांडण झालं की दुसरीच्या घरी येऊन जेवायचं, अशी. सात वर्षांपूर्वी ती आजाराने गेली तेव्हा तिची काव्या आठ वर्षांची होती. पुढे तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याने, प्रकाशने, मृणालिनीशी लग्न केलं. लग्नाच्या जेवणाला मी गेले, जेवले आणि घरी येऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

नवऱ्याच्या आधी जी बाई जाते, तिच्यासाठी या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. ती सवाष्ण म्हणजे त्या दुपारपुरती गेलेली बाईच. तिच्या आवडीचं रांधायचं, तिला वाढायचं, ओटी भरायची, पाया पडायचं. मुग्धाची नवमी इतकी वर्षं पुण्याला तिच्या सासूबाई घालायच्या. गेल्या हिवाळ्यात त्याही गेल्या. आता ते बंद पडणार, असं मी धरूनच चालले होते. दुसरीने पहिलीची नवमी घालायची हे मला, खरं सांगायचं तर, जरा नाटकीच वाटलं.

"प्रकाशला विचारलंस का?"

"सांगितलंय," मृणालिनी म्हणाली. "त्याची हमरिया बंदरावर पंपांच्या क्लायंटबरोबर मीटिंग आहे म्हणाला. मी म्हटलं, पंप काय पळून जात नाहीत, तू अडीचला घरी ये."

"आणि काव्या?"

"तिच्याशी बोलायचंय अजून. तुम्ही मला एवढंच सांगा, त्यांना खायला काय आवडायचं? प्रकाश म्हणतो, सगळंच आवडायचं."

"नवऱ्यांना एवढंच आठवतं," मी म्हटलं आणि गव्हल्यांची खीर, अळूवडी, भोपळ्याचे घारगे असं काहीबाही सांगून टाकलं. खोटं नव्हतं ते. पण मुग्धाचा जीव ज्याच्यात अडकायचा, ते श्राद्धाच्या पानात वाढायचं नव्हतं, म्हणून मी गिळून टाकलं. मृणालिनीने मला कुंकू लावलं आणि "अळू लुलू मार्केटात मिळेल ना?" असं स्वतःलाच विचारत ती लिफ्टकडे गेली.

शनिवारी तिनेच मला पुन्हा बोलावलं, काव्याच्या झग्याची किनार धरायला. नेमकं मंगळवारीच काव्याच्या शाळेत कॅरेक्टर डे होता. मुलांनी इतिहासातली एकेक व्यक्ती व्हायचं, तसे कपडे घालायचे आणि वर्गासमोर दोन मिनिटं बोलायचं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. काव्याच्या मैत्रिणीला, अफनानला, क्लिओपात्रा आली आणि आमच्या बाईसाहेबांना राणी अ‍ॅडलेड.

आम्हा इथल्या लोकांना अ‍ॅडलेड ठाऊक ती ऑस्ट्रेलियाच्या पीआरमुळे, तिथे कायमचं राहायच्या परवान्यामुळे. निम्म्या बिल्डिंगच्या फायली तिकडे लागलेल्या. ते शहर एका बाईच्या नावावरून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"सो बोअरिंग," काव्या स्टुलावर उभी राहून म्हणत होती. "क्लिओपात्राला साप तरी आहे. शी हॅज नथिंग."

जुन्या मरून पडद्याचा झगा मृणालिनीने झकास शिवला होता. पुठ्ठ्याच्या मुकुटाला सोनेरी कागद लावून तो टीव्हीवर वाळत ठेवला होता. मी तोंडात टाचण्या धरून खाली बसले होते आणि मृणालिनी टेबलाशी उडदाची डाळ निवडत होती.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

काव्याने वाचलं. गोष्ट अशी होती. जर्मनीतल्या माइनिंगेन नावाच्या लहानशा संस्थानातली ही मुलगी. पंचविसाव्या वर्षी तिचं लग्न इंग्लंडच्या राजपुत्राशी ठरलं. तो बावन्न वर्षांचा. लग्नाआधी जेमतेम आठवडाभर दोघांची ओळख. इंग्लंडच्या गादीला वारस हवा म्हणून हे लग्न. या राजपुत्राने वीस वर्षं एका नटीबरोबर लग्नाशिवाय संसार केलेला, तिच्यापासून त्याला दहा मुलं. नटी लग्नाच्या दोन वर्षं आधीच वारलेली. म्हणजे नवी नवरी बोटीतून उतरली ती दहा सावत्र मुलांच्या घरात.

"अँड शी लव्ह्ड ऑल टेन अ‍ॅज हर ओन," काव्याने दम घेतला, "फ्रॉम द व्हेरी फर्स्ट डे."

"पहिल्या दिवसापासून?" मृणालिनीचा डाळीतला हात थांबला. "कोणी सांगितलं हे?"

"इंटरनेट."

"काढून टाक ते. असं नसतं."

"इट्स जस्ट अ स्पीच, आँटी."

आँटी. प्रकाशने पहिल्या वर्षी तिला 'आई म्हण' म्हणून सांगून पाहिलं, पुण्याच्या आजीने 'मावशी म्हण' म्हणून सांगितलं. पोरगी आँटीवर ठाम. लिफ्टमध्ये भेटणारी केरळची बाई आँटी, शाळेच्या बसमधली खतीजा आँटी आणि घरात भात वाढते तीही आँटीच.

"पहिल्या दिवशी कोणी कोणावर प्रेम करत नाही, काव्या," मृणालिनी म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "मला तू पहिलं वर्षभर आवडली नव्हतीस. माझ्या उशीवर तू पाणी ओतलं होतंस, आठवतंय? मी कोरडी जागा बघून झोपले आणि मनात म्हटलं, कुठे येऊन पडले मी."

मी टाचण्या तोंडातून काढल्या. असं कोणी मुलांना सांगतं का? काव्या मात्र स्टुलावरून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"मग? व्हॉट डिड यू डू?"

"सकाळी उठून तुझा डबा भरला. दुसरं काय करणार? तिनेही तेच केलं असेल. डबे भरले असतील."

"अगं, राणी ती," मी म्हटलं. "तिच्याकडे डबे भरायला पन्नास माणसं."

"असू देत. दहांपैकी कोणाला काय आवडत नाही, ते तर तिलाच लक्षात ठेवायला लागलं असेल ना."

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "तिला स्वतःला मुलं झालीच नाहीत का?" विचारलं आणि जीभ चावली.

"नॉट इम्पॉर्टंट," काव्या घाईने म्हणाली. "टू मिनिट्सच आहेत."

"तुझ्या पहिल्या कागदावर होतं की," मृणालिनी म्हणाली. "दोन मुली झाल्या, दोन्ही तान्ह्याच गेल्या. मग जुळी, तीही गेली. ते का खोडलंस?"

काव्या झग्याची बाही ओढत राहिली. तीन वर्षांपूर्वी मृणालिनीचं पोटातलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ही पोरगी माझ्याशेजारी मोबाइलवर गेम खेळत बसली होती. एका शब्दाने तिने काही विचारलं नव्हतं. तिला काही कळलंच नाही, असं मी तेव्हापासून समजत आले होते.

"ते परत लिही," मृणालिनी म्हणाली. "ती पण तिचीच होती. नाही सांगितलं तर कोणाला कळणार?"

पोरीने मान हलवली आणि मग एकदम, जणू तेवढ्यासाठीच थांबली होती, तसं म्हणाली, "तू मॉमचं ते जेवण का करतेयस? आजी करायची. यू नेव्हर ईव्हन मेट हर."

"आजी नाहीत आता."

"सो? लीव्ह इट ना. खलास."

"खलास कसं? तिच्या घरात मी राहते, काव्या. तिने लावलेले पडदे आत्ता आत्तापर्यंत वापरले. तुझ्या अंगावर आहे तोही त्यातलाच. वर्षातून एकदा तिला जेवायला बोलवायचं नाही?"

"इट्स वीअर्ड. मी येणार नाही. मी स्कूलनंतर अफनानकडे जाईन."

"जा," मृणालिनी म्हणाली. "ताट होणारच आहे. तू असलीस तर मला बरं वाटेल, नसलीस तरी होणार आहे." आणि ती पुन्हा डाळ निवडू लागली.

मला तेव्हा तिचा राग आला. पोरीला नको आहे तर कशाला ताणायचं? घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलंही, ही बाई हट्टी आहे. तो म्हणाला, हट्टी नसती तर त्या घरात टिकली असती का? त्याच्याकडून क्वचितच असं शहाणं काही निघतं, म्हणून मी गप्प बसले.

मंगळवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी आले. दुबईच्या हद्दीवर नेहमीसारखीच गाड्यांची रांग, त्यामुळे पोचायला उशीरच झाला. समोरच्या घरातून तुपाचा वास येत होता. मृणालिनी नऊवारीत होती. पाट, रांगोळी, केळीचं पान, सगळं मांडलेलं. मी सांगितलेलं एकूण एक तिने केलं होतं. वडे, खीर, कढी, अळूवडी, घारगे. आपण तोंडाला येईल ते सांगितलं आणि हिने चार दिवस त्यासाठी घालवले, हे बघून मला कसंतरी झालं.

प्रकाश खरोखर अडीचला आला. बूट काढून, हात धुऊन सोफ्याच्या कडेवर बसला. हा माणूस ऑफिसात लोकांवर ओरडतो म्हणे. इथे त्याला हात कुठे ठेवावेत तेही कळत नव्हतं.

"बसा, ताई," मृणालिनी म्हणाली.

मी पाटावर बसले. तिने माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, गजरा माळला. मग वाढायला लागली. मला पहिला घास घेववेना. मी मुग्धा आहे असं समजायचं म्हणजे नेमकं काय समजायचं? मुग्धा तर हसत सुटली असती.

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली.

काव्या झग्यातच आली. मुकुट डोक्यावर, पाठीला दप्तर, घाम गळतोय. शारजात सप्टेंबर म्हणजे अजून उन्हाळाच. पडद्याच्या कापडात तिने ते कसं सोसलं कोण जाणे. तिच्या हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"अफनानकडे नाही गेलीस?" प्रकाशने विचारलं.

"नो." ती मृणालिनीकडे वळली. "मी ते चेंज केलं. फर्स्ट डेवालं. मी म्हटलं, शी डिडन्ट लव्ह देम अ‍ॅट फर्स्ट. शी पॅक्ड देअर टिफिन्स. मिस हसली."

"हसू दे. आणि बाळांचं?"

"सांगितलं. सगळ्यांचं. टाइम ओव्हर झाला तरी." मग तिने ते पुडकं पुढे केलं. "हे मॉमसाठी. तुम्ही सगळं राँग बनवलंय."

मी वासावरून ओळखलं. खालच्या कॅफेटेरियातला पराठा, आत चीज, चुरलेले ओमान चिप्स आणि तो लाल सॉस. दर गुरुवारी मुग्धा हेच खायची. कराक चहाचा कागदी कप एका हातात, पराठा दुसऱ्या हातात, गाडीच्या बॉनेटला टेकून. छोटी काव्या खाली सांडलेले चिप्स वेचायची. हेच मी मृणालिनीला सांगितलं नव्हतं. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण चालत नाही आणि त्या सॉसमध्ये काय काय असतं, हे ती बनवणाऱ्यालाच ठाऊक.

प्रकाशने तो कागद पाहिला आणि मान खाली घातली. त्याला आठवलं होतं.

मृणालिनीने माझ्याकडे बघितलं. "हे आवडायचं त्यांना?"

"सगळ्यात जास्त," मी म्हटलं.

तिने कागद उलगडला, पानातले वडे हाताने बाजूला सारले आणि मधोमध तो पराठा ठेवला. वर तुळशीचं पान ठेवलं. "घ्या, मुग्धाताई," ती म्हणाली. "सावकाश जेवा."

मग मी जेवले. पराठा पूर्ण संपवला, खीर दोनदा मागून घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सॉसने येतंय असं कोणालाही समजू दे, मला आता फरक पडत नव्हता. मला मुग्धाची आठवण आली होती आणि गेली चार वर्षं तिच्या नावाने समोरच्या दाराशी तोडून वागले त्याचं फार वाईट वाटत होतं. काव्या फ्रीजला टेकून उभी होती आणि माझा प्रत्येक घास बघत होती.

जेवण झाल्यावर मृणालिनीने माझी ओटी भरली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. पदर सावरून ती माझ्या पायांवर वाकली.

इथे सवाष्णीने आशीर्वाद द्यायचा असतो. शब्द ठरलेले आहेत, आजवर कितीतरी जणींना दिले असतील. पण आज ते मी द्यायचे नव्हते. ते मुग्धाने द्यायचे होते, आणि ज्याच्या आयुष्यासाठी द्यायचे तो तिचाच नवरा सोफ्याच्या कडेवर बसलेला. माझा हात वरच्या वर राहिला. मृणालिनी उठली नाही. तिने घाईही केली नाही. कपाळ टेकून तशीच थांबली, जणू काहीही निकाल लागो, तो घेऊनच उठायचं ठरवून आली होती.

"से इट, मावशी," काव्या मला म्हणाली. "मॉम वुड हॅव."

मुग्धाने सहज दिला असता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भांडकुदळ होती ती, स्वतःची वस्तू सोडणारी नव्हती. पण तिची पोर मला सांगत होती, आणि त्या घरात त्या दुपारी तिच्याहून मोठा हक्क कोणाचाच नव्हता.

"अखंड सौभाग्यवती हो," मी म्हटलं. हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो काढावासा वाटेना.

झग्याचा घोळ आवरत काव्या तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिनेही डोकं टेकवलं. मी दुसरा हात पुढे केला, तर मध्ये पुठ्ठ्याचा मुकुट आला. तिने तो काढला आणि बाजूला, मृणालिनीच्या पदरावर ठेवला.