वाट तिची होती

मी पाते बोलत आहे; बर्फावर घसरत धावणाऱ्या तोमोएच्या उजव्या बुटाखाली मी वर्षानुवर्षे होते. डाव्या बुटाखाली माझे जुळे भावंड असते. ते अबोल असल्याने सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

कारखान्यात मला आकार मिळाला. जन्म मात्र मी ओबिहिरो या थंड शहरातल्या बर्फावरचा मानते. तेथे हिवाळ्यात शाळेचे अंगण पाणी शिंपून गोठवतात आणि मुली त्यावर वेग शिकतात. तोमोए मला स्वतः दगडावर धार लावी आणि नखाने तपासून पाही.

त्यांच्या शाळेच्या संघात थोरलीचा मान फार. ती बसल्याखेरीज धाकटीने बसू नये. रुरिको तोमोएहून दोन वर्षांनी धाकटी. "ताई, तुम्ही आधी," हे तिचे पालुपद.

"अगं, शर्यतीतही असंच म्हणशील एक दिवस!" तोमोए तिला चिडवी.

तसेच घडले. राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती आणि निवडीच्या शर्यतीत दोघींची जोडी लागली. प्रत्येक फेरीत दोघींना आतला-बाहेरचा मार्ग बदलावा लागतो, आणि बाहेरून आत येणारीला वाट द्यावी, असा नियम आहे. त्या वेळी रुरिको बाहेरून येत होती. थांबायचे होते ते आम्हाला. तोमोएने मला पुढे लोटले आणि मी निमूटपणे बर्फ कापीत गेले. थोरली समोर दिसताच रुरिको सवयीने ताठ उभी राहिली. तिचा सारा वेग तेथेच सांडला.

पंचांनी विचारले, "तुला अडथळा झाला का?"

ती 'हो' म्हणती, तर तोमोए बाद झाली असती आणि रुरिकोला पुन्हा संधी मिळाली असती. रुरिको तोमोएकडे पाहत राहिली. तोमोए खाली वाकून बुटाची नाडी सोडत होती.

"नाही," रुरिको म्हणाली. "मीच हळू झाले."

तोमोए परदेशी धावली, परतली आणि काही वर्षांनी निवृत्त झाली. मला खिळ्याला टांगून ती नियमाने तेल लावी. परंतु माझ्यात तोंड दिसू लागले की मान वळवी.

परवा, अजून संघात धावणारी रुरिको घरच्या मुळ्याचे लोणचे घेऊन आली. "ताई, तुमची पाती मागायला आलेय. मलाच द्यायची हं!"

तोमोए चटईवर कपाळ टेकवून वाकली. धाकटीपुढे कोणी थोरली इतकी वाकत नाही. "त्या दिवशी वाट तुझी होती, रुरिको. मी गप्प बसले."

"थांबले ती माझी सवय होती, ताई. पण पंचांपुढे तुम्ही बोलाल, असं वाटलं होतं." लोणचे पुढे सरकवत ती म्हणाली, "उद्या हीच पाती बांधून या. मी बाहेरून येईन."

सकाळी बर्फावर दोघीच होत्या. मार्ग बदलण्याची जागा आली. तोमोए ताठ उभी राहिली. मी बर्फात रुतून थरथरले. रुरिको समोरून सपकन गेली. तिने वळून पाहिले नाही.

आता मी रुरिकोच्या बुटाखाली आहे आणि संघात थोरली तीच आहे. रुरिको, एवढेच मागते: वाट धाकटीची असेल, तेव्हा मला थांबव. मला आपणहून थांबता येत नाही.