एकच आराखडा

देशाच्या आकडेवारीचा पाच वर्षांचा आराखडा करायचं काम सांख्यिकी कार्यालयातल्या तेकबेरकडे आलं, तेव्हा राजधानी नुआकशोतच्या एकाही खात्याचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. आरोग्यवाले मुलं मोजायचे, शाळावालेही मोजायचे, आणि दोघांची बेरीज कधी जुळायची नाही. कुणी काय मोजायचं, कधी आणि कुणाच्या पैशातून, हे सगळ्यांच्या गळी उतरवायला तिने जिवाचं रान केलं. मलहफ्याचा पदर सावरत जिने चढली, साहेबांच्या दाराबाहेर ताटकळली, कुणाच्या लेकीच्या लग्नाला जाऊन तिथेच बोलणी केली. हळूहळू सगळे आले. राहिले फक्त पशुधन खात्याचे देद्दाही. नेमके तेच तिचे गुरू.

"सर, तुम्ही एकटेच उरलात," ती त्यांच्या खोलीत बसून म्हणाली.

"एकटाच बराय मी. चहा घे."

त्यांनी चहा उंचावरून पेल्यात सोडला. फेस आला. गुरं मोजायची त्यांची रीत सोपी होती. उन्हाळ्यात कळप कुठेही भटकोत, पाण्याला विहिरीवरच येतात. तिथेच उभं राहून मोजायचं. पूर्वेकडच्या प्रांतात अशी मोजणी करायला त्यांनी आखातातल्या एका दानशूर संस्थेकडून थोडा निधी मिळवला होता.

"हा निधी मिळवता मिळवता दाढी पांढरी झाली माझी. तो सोडू म्हणतेस?"

"तो एकाच प्रांतापुरता आहे, सर. आराखड्यात आलात तर देशभरचे कळप मोजता येतील. आराखड्याला कर्ज देणारे म्हणतात, सगळ्यांचं मिळून एकच हवं. कुणी बाजूला वेगळी चूल मांडली तर ते कुणालाच काही देणार नाहीत."

"आणि मला आत घेऊन मलाच कात्री लावली तर?"

"मी आहे ना, सर."

देद्दाही हसले. "तू आहेस गं पोरी. पण तुझं ऐकतंय कोण?"

त्यांनी चिडवायला विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. तिसरा पेला होईपर्यंत ती बोलत राहिली. ती आपली विद्यार्थिनी, खोटं बोलणार नाही, एवढ्यावर त्यांनी संस्थेला निधी नको असल्याचं कळवून टाकलं.

आराखडा जाहीर व्हायच्या आठवड्यात तिच्या वरिष्ठांनी, शेखनांनी तिला बोलावलं. "पशुधन दुसऱ्या टप्प्यात टाकलंय."

"दुसऱ्या? कुणी टाकलं?"

"कर्ज देणाऱ्यांचं धोरण बदललं. जनावरं आता त्यांच्या दुसऱ्या विभागाकडे, आणि त्या विभागाकडे या साली पैसाच नाही."

"मग दुसरा टप्पा कधी?"

"पहिला झाला की." शेखनांनी नजर वळवली. "माझ्याकडे काय बघतेस? मलाही सकाळीच कळलं."

तिने कर्ज देणाऱ्यांच्या परदेशातल्या प्रतिनिधीला फोन लावला. तो फार सभ्यपणे बोलला, त्यालाही वाईट वाटत होतं. आखातातल्या संस्थेला लावला; तो निधी केव्हाच दुसऱ्या देशाला गेला होता. शेवटी ती सचिवांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, मग आराखडाच थांबवू?" सचिव म्हणाले. "बाळंतिणींची नोंद, लसीकरण, सगळं यात आहे. तुम्ही सांगा, थांबवतो."

कॉरिडॉरमध्ये येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. भांडायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

आराखडा जाहीर करायच्या सभेआधी हॉटेलच्या आवारात तिने देद्दाहींना गाठलं आणि सांगितलं. ते मोटारीच्या दाराला धरून ऐकत होते. अंगातल्या ढगळ दर्राआच्या बाह्या वाऱ्याने फडफडत होत्या.

"वाचून कोण दाखवणार?"

"मीच."

"मग जरा मोठ्याने वाच. मागच्या रांगेत मला ऐकू येत नाही."

तिने मोठ्याने वाचलं. टाळ्या झाल्या, मासा-भाताचं जेवण झालं, सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. आजूबाजूच्या देशांनी धडा घ्यावा असं काम झालं, असं पाहुणे म्हणाले.

पुढच्या वर्षी पूर्वेकडे पाऊसच झाला नाही. सरकारने गुरांसाठी चारा पाठवला, तोही वेळेवर. पण जुन्या आकड्यांप्रमाणे कळप जिथे असायला हवे होते, तिथे तो गेला. कळप पाण्यामागे सरकत केव्हाच सीमेकडे गेले होते. वाटपवाल्यांनी तिला विचारलं, "नवे आकडे आहेत का?" नव्हते. तिने देद्दाहींना फोन केला.

"कळप कुठे असतील ते मी सांगितलंय त्यांना," ते म्हणाले. "ते म्हणतात, हे अधिकृत आहे का? मी म्हटलं, नाही. खोटं कसं बोलू?"

"मी पुन्हा सचिवांकडे जाते."

"जा."

ती गेली. सचिवांनी ऐकून घेतलं, पाणी विचारलं. कागदावर नसलेल्या ठिकाणी गाड्या वळवायचा अधिकार त्यांनाही नव्हता.

काही दिवसांनी देद्दाही पूर्वेकडे निघाले. तिकडच्या बासिकुनू गावाजवळ त्यांच्या बहिणीची गुरं एकामागून एक मेली होती. बहिणीला ते कायमचं शहरात आणणार होते. तेकबेर त्यांच्या दारात पोचली तेव्हा गाडीत पाण्याची पिंपं चढत होती.

"सर, मी काय करू?"

त्यांनी खरंच विचार केला. "काही नाही गं. आता तू करण्यासारखं काही राहिलं नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घरी जा. ऊन फार आहे."

गाडी वळून दिसेनाशी झाली. ती घरी गेली नाही. कार्यालयात येऊन तिने परदेशी प्रतिनिधीला फोन लावला. तो सभ्य माणूस बदली होऊन गेला होता. त्याच्या जागी नवी बाई आली होती. तिचा आवाज उत्साही होता.

"मी कालच रुजू झाले," ती म्हणाली. "तुमच्या आराखड्याबद्दल खूप चांगलं ऐकलंय. जरा सुरुवातीपासून सांगाल का?"

तेकबेरने खुर्ची ओढली आणि सुरुवातीपासून सांगायला लागली.