भूकंपाचा धसका

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी आईचे डोळे तपासले आणि विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला.

कुठं असणार? लातुरातच. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची आई, साखराबाई, सहा तास ढिगाऱ्याखाली होत्या. तेव्हापासून गेली तेवीस वर्षं त्यांचं काहीही दुखलं, की लोक एकच कारण सांगत: धसका. दोन वर्षं त्या म्हणत होत्या, "जिमीन हालून राहिली गं." डोकं गच्च, पाय बधिर, मधूनच नाकातून रक्त. लातूरच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या वाढवल्या. लॅबवाल्यानं दोनदा "सॅम्पल गोठलं, खराब झालं" म्हणून रक्त फेकून दिलं. बाईचं रक्तच घट्ट झालंय, हे एकाही शहाण्याच्या टाळक्यात शिरलं नाही!

"रक्ताचा दुर्मीळ कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचं बटण चालूच राहिलंय. कुणी निरोप दिला नाही तरी 'बनवा, बनवा' सुरूच. रक्ताचा पाक झालाय त्यानं. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डावा वाचवायचा तर आत्ताच मशीन लावून रक्त पातळ करायला हवं. मग तो आतला निरोप अडवणाऱ्या गोळ्या सुरू करू."

उज्वलाला हे नवीन नव्हतं. लातूरच्या क्लासात ती जीवशास्त्रच शिकवायची. निरोप आला की पेशी अँटिबॉडी बनवते, काम संपलं की थांबते. दरवर्षी तीनशे पोरांकडून ती हे घोकून घ्यायची.

मशीन तीन तास चाललं. मग तिनं खाटेशेजारूनच लातूरच्या डॉक्टरला फोन लावला आणि त्याची बिनपाण्यानं केली. "धसका म्हणे! माझ्या आईचा डोळा घालवलात तुम्ही! डिग्री कुठं विकत घेतली?"

"उज्वला," साखराबाईंनी हाक मारली. "जिमीन थांबली बग."

उज्वलाला रडू फुटलं.

"कोणावर खेकसून राहिलीस?"

"त्या डॉक्टरवर. सोडणार नाही मी त्याला."

साखराबाईंनी डावा डोळा तिच्यावर रोखला. आवाज बारीक होता, पण त्यात माया नव्हती.

"त्यानं मला सहा म्हयन्यातून एकदा बगितलं, पाच मिन्टं. तुला मी रोज सांगत व्हते. तू पोरांचे पेपर तपाशीत मान बी वर करत न्हवतीस. 'आई, भूकंप कवाच संपला,' असं कोण म्हनत व्हतं?"

फोनमध्ये डॉक्टर अजून "मॅडम, ऐका तर" म्हणत होता. उज्वलाला त्याला काही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.