खंडेनवमीला आंघोळ घातलेला ॲम्प्लिफायर

मित्रांनो, माझा आवाज आधी येतो आणि ओळख मागून होते. आज आपण उलट करू या. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटार, बेंजो, माइक, काहीही माझ्यात जोडा. त्याचा बारीक आवाज मोठा करून चौकभर पोचवणं हे माझं काम. प्लायवूडचं काळं खोकं, पुढे जाळी आणि जाळीमागे कागदाचा गोल पडदा. हा पडदा थरथरतो, म्हणून तुम्हाला ऐकू येतं. दिसायला मी फारसा बरा नाही. पण आवाजाच्या बाबतीत माझ्याशी कुणी बरोबरी करू नये, असं मला पहिल्यापासून वाटतं आणि ते मी लपवतही नाही.

माझा जन्म पिंपरीतल्या करीमचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात झाला. ट्रान्सफॉर्मर भंगारातून आणलेला, खोकं एका मोडक्या कपाटाचं, बटणं जिथे जी मिळाली ती. चाचांनी मला चिमाजींच्या बेंजो पार्टीसाठी बांधलं. वरात असो की मिरवणूक, मी हातगाडीवर बसून निघायचो. चिमाजी बेंजोच्या तारा छेडायचे आणि मी असा ओरडायचो की घोडा बिचकायचा आणि नवरदेव खोगीर घट्ट धरून बसायचा. "काय खणखणीत आहे राव!" असं लोक म्हणाले की मला आणखी चेव यायचा. मोठा आवाज म्हणजेच मोठेपणा, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

मग ट्रकवर भिंतीसारखे रचलेले डीजेचे स्पीकर आले. त्यांच्यापुढे आमची पार्टी कुणाला ऐकूच येईना. चिमाजींनी बेंजो गुंडाळून ठेवला आणि मला चाचांच्या दुकानात परत आणून सोडलं. तिथे माझ्या डोक्यावर चहाचे ग्लास ठेवले जाऊ लागले. एक पाल माझ्यात संसार करून गेली. कुणी विचारलंच तर चाचा म्हणायचे, "चालू आहे तो, फक्त गिऱ्हाईक नाही." हे ऐकून मला रडू यायचं, पण वायर लावल्याशिवाय मला रडताही येत नाही.

अशात एक दिवस नीमा आली. नीमा टांझानियाची. इथल्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारी आणि चाकणच्या एका कंपनीत काम शिकायला जाणारी. बरोबर तिचा वर्गमित्र बराका, तोही तिकडचाच, ड्रम वाजवणारा. नीमानं खांद्यावरची गिटार माझ्यात जोडली आणि एकच सूर छेडला. इतकी वर्षं साठलेलं सगळं मी एकदम बाहेर काढलं. चाचांनी कानांवर हात ठेवले.

"बेटा, जरा खरखरतोय. साफ करून देऊ का?"

"न्हाई चाचा," नीमा म्हणाली, "आसाच पायजे."

तिचं मराठी ऐकून चाचा हसायलाच लागले आणि त्यांनी मला तिच्या हवाली केलं. ती चाकणजवळच्या कुरुळी गावात कौशल्याबाईंकडे भाड्यानं राहायची आणि मराठी त्यांच्याकडूनच शिकली होती. कौशल्याबाई गावातल्या जुन्या घरातल्या. त्यांच्या रिकाम्या गोठ्यात नीमा आणि बराकाची तालीम चाले. आजूबाजूच्या खोल्यांत तिन्ही शिफ्टचे कामगार, म्हणजे कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलंच. त्यामुळे माझ्या तोंडावर गोधडी टाकून वाजवावं लागे. माझ्यासारख्याच्या तोंडावर गोधडी! पण नीमा गायला लागली की मी तेही सोसायचो.

ती काय गायची ते सांगतो. पंक नावाचं एक संगीत असतं. ते वेगानं आणि जोरात वाजवतात, आणि आलेला राग गोड करून सांगत नाहीत. सोल नावाचं दुसरं असतं. त्यात सूर पोटातून येतो, लांबवर जातो आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो. आईबरोबर चर्चमध्ये गाऊन नीमाचा गळा तयार झाला होता, आणि ती ही दोन्ही संगीतं एकाच गाण्यात घालायची. "तुमच्या मुलखात आसंच वरडत्यात व्हय?" असं कौशल्याबाईंनी एकदा विचारलं.

"मावशी, आमच्यासारक्या काळ्या पोरापोरींनी ह्ये लई आधीपास्नं वाजवलंय," नीमा म्हणाली. "त्यांनाबी लोक म्हनायचे, ह्ये तुमचं न्हाई. त्यांनी वाजवायचं सोडलं न्हाई. मीबी सोडनार न्हाई."

पण या दोघांना गायला कुणी बोलवत नव्हतं. बोलावणी यायची ती नाचायला. कुणाच्या लग्नात, कुठल्या दुकानाच्या उद्घाटनाला, हिरव्या प्लास्टिकच्या झावळ्यांचा घागरा घालून आफ्रिकन डान्स करायला. बसमध्ये लोक न विचारता नीमाचे फोटो काढायचे. त्यातूनच तिनं एक गाणं केलं. त्याचं धृपद कौशल्याबाईंच्या मराठीत होतं, "बगू नका, आयका!" हे गाणं एकदा तरी कुरुळीच्या चौकात, सगळ्यांसमोर, उभं राहून म्हणायचंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

चौकात खंडेनवमीच्या संध्याकाळी कार्यक्रम असतो. मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव या दोघांना बोलवायला आले, तेव्हा नीमानं आधीच सांगितलं, "नाचनार न्हाई, गानार." हिंदुराव घाईत होते. "हो हो, बघू," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. कंपनीतल्या प्रेस मशीनपासून घरातल्या विळीपर्यंत सगळ्यांना धुऊन पुसून हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. सकाळी नीमा आणि बराका कॉलेजला गेले होते. कौशल्याबाईंनी विळी धुतली, कोयता धुतला, भाडेकरूंच्या मोटारसायकली धुतल्या आणि माझ्यापाशी आल्या. "तूबी राबतूस की रं बाबा," असं म्हणत त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर ओतलं. ते जाळीतून थेट कागदाच्या पडद्यावर गेलं. मग त्यांनी मला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि उन्हात ठेवलं. जन्मात माझी कुणी पूजा केली नव्हती. मी भिजलो, आणि तरी खूश होतो.

दुपारी नीमा परत आली आणि मला आंघोळ घातल्याचं ठाऊक नसल्यानं तिनं गिटार जोडली. पाण्यानं सुरकुतून सुकलेला पडदा पहिल्याच फटक्याला चिरला. काय झालं ते कळल्यावर कौशल्याबाई मटकन खाली बसल्या. "माज्या हातानं पोरीच्या गान्याचा इस्कोट झाला गं!" नीमानं त्यांना धरून उठवलं आणि करीमचाचांना फोन लावला.

चाचा आले ते रिकाम्या हातानं. त्यांच्या कारागिरांनी सकाळीच दुकानातली सगळी हत्यारं पूजेला मांडली होती, आणि चाचा दरवर्षी हा दिवस पाळतात. "पेचकस आज उचलणार नाही, बेटा. उचलला असता तरी या मापाचा पडदा माझ्याकडे नाही," ते म्हणाले. माझी मागची बाजू उघडीच असते. तिथून त्यांनी नीट तपासलं आणि आतल्या विजेच्या भागांपर्यंत पाणी गेलेलं नाही याची खात्री केली. मित्रांनो, भिजलेल्या यंत्राला जाणत्या माणसानं पाहिल्याशिवाय कधीही वीज लावू नका. "शॉक बसायचा नाही," चाचा म्हणाले, "पण ही चीर वाढत जाणार. गाण्यात मध्येच बंद पडला, तर मला बोल लावू नकोस."

नीमानं माझ्यावरचं फूल उचलून कौशल्याबाईंच्या हातात दिलं. "मावशी, ह्येची इस्रांती मोडू का?"

कौशल्याबाईंनी डोळे पुसले. "मोड. आज त्याचा सन हाय. सनाच्या दिवशी कुनाला गप बसवत्यात व्हय?"

संध्याकाळी चौक भरला होता. हिंदुरावांनी स्वतःच्या माइकवरून ललकारी दिली, "आता सादर होत आहे खास आफ्रिकन डान्स!" आणि भाड्यानं आणलेले दोन हिरवे घागरे नीमापुढे धरले. नीमानं ते घेतले, घडी घातली आणि परत त्यांच्याच हातात दिले.

"भाऊ, ह्ये तुमी घाला. मी गाते."

सगळा चौक हसला. हिंदुरावांचे कान तापले. "एकच गाणं," ते गुरगुरले, "मग डीजे."

नीमाची गिटार आणि माइक दोन्ही माझ्यातच जोडलेले होते. ती आधी हळू गायली, लांब सुरात. लोकांनी मोबाइल वर धरले होते. मग बराका ड्रमवर तुटून पडला, नीमानं गिटारीवर हात मारला आणि माझ्या चिरलेल्या पडद्यातून असा आवाज निघाला की मीच दचकलो. खणखणीतपणा कुठल्या कुठे गेला होता. घोगरा, फाटका, चिडलेला आवाज, आणि त्या गाण्याला अगदी हवा तसा. मी जीव तोडून वाजलो. दुसऱ्या धृपदाला पडदा टरकन उभा फाटला आणि मी गप्प झालो.

कुणीतरी शिट्टी मारली, कुणी हसलं. हिंदुरावांनी डीजेवाल्याला हात केला. तेवढ्यात कौशल्याबाई डीजेच्या ट्रकपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ए, थांब! पोरीचं गानं सपलं न्हाई."

नीमानं गिटार खाली ठेवली आणि ती स्टेजच्या कडेला आली. बराका तळहातानं ड्रम हळूच थोपटू लागला. माइक नाही, मी नाही, नुसता गळा. "बगू नका, आयका..." पुढच्या रांगेला ऐकू येत होतं, मागच्यांना नाही. मग मागचे पुढच्यांना गप्प करू लागले. माणसं स्टेजकडे सरकली. गर्दीत मोबाइल धरायला जागा उरली नाही, तेव्हा हात आपोआप खाली आले. कंपनीच्या कपड्यांतला एक कामगार पुटपुटत धृपद म्हणू लागला, त्याच्या शेजारच्यानं त्याला साथ दिली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. थोडं वाटलंच. पण माझ्या आवाजाला लोक नेहमी दोन पावलं मागे सरायचे, आणि तिच्या आवाजाला ते जवळ येत होते, हे मी स्वतः पाहिलं.

गाणं संपलं. हिंदुराव घागरे हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी डीजेवाल्याकडे पाहिलं, मग नीमाकडे.

"दुसरं येतं का?" त्यांनी विचारलं.

"लई येत्यात," नीमा म्हणाली आणि लगेच सुरू झाली.

मित्रांनो, सध्या मी चाचांच्या टेबलावर पडून आहे. नवा पडदा यायचाय. बरा झालो की मी पुन्हा ओरडणार, ती खोड काही जायची नाही. तुमच्या घरच्या यंत्रांना जपा, त्यांची पूजाही करा, फक्त आंघोळ घालू नका. आणि कुणी गायला उभं राहिलं, तर त्याच्याकडे पाहून त्यानं काय करावं हे आपल्या मनानं ठरवू नका. मी बंद पडलो म्हणून गाणं बंद पडत नाही. तुम्हाला थोडं पुढे सरकावं लागतं, एवढंच.