टेस्टचे फोटो

हार्ड डिस्क भरत गेली तसा नागेशचा फोटो स्टुडिओ आवळत गेला. आधी कपाट भिंतीत गेलं, मग गिऱ्हाइकांचा सोफा. शेवटी उरली एक खुर्ची, कॉम्प्युटर, आणि दोन्हींच्या मधे पोट आत ओढून बसलेला नागेश. त्याची बायको राजश्री दारातूनच चहा आत सरकवायची.

"कॅमेऱ्याची कार्डं रिकामी केल्याशिवाय आज लग्नात काय करणार तुम्ही? अक्षता टाकणार?"

"जागाच नाय गं. कुठं टाकू सगळं?"

"जुनं उडवा की."

जुनं उडवणं सोपं नव्हतं. मागं एकदा त्यानं धीर करून ढग्यांच्या वरातीतला एक हललेला व्हिडिओ उडवला होता. भिंत वीतभर मागं गेली. संध्याकाळी फोन आला.

"ओ फोटोवाले, आमचे मामा वरातीत नाचले होते का नाय?"

"नाचले की. लय नाचले."

"मग कुणालाच कसं आठवेना? मामा रडायलेत इथं."

तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या फायलीला तो हात लावत नव्हता. फायनल, फायनल दोन, खरंच फायनल, सगळं तसंच पडून. उडवण्यासारखं एकच फोल्डर राहिलं. टेस्ट.

प्रत्येक लग्नात नवरी यायच्या आधी राजश्री स्टेजवर नवरीच्या जागी उभी राहायची. छातीशी पांढरा कागद धरून. नागेश तिच्यावर लाईट बघायचा, कागदावर रंग जुळवायचा. जमलं की ती बाजूला व्हायची आणि खरं काम सुरू व्हायचं. ते फोटो कुणी कधी मागितले नव्हते. तिचे दुसरे फोटोच नव्हते. त्यांच्या स्वतःच्या लग्नात एका मित्रानं फोटो काढले, त्याचं कार्ड करप्ट झालं.

"हे नको उडवायला," नागेश म्हणाला.

"त्यात काय आहे? नुसती उभीये मी."

"तूच आहेस ना पण."

"मग बसा त्या फटीत. मुहूर्त थांबणारे तुमच्यासाठी!"

भिंत खांद्याला टेकली. नागेशनं डोळे मिटलेले फोटो आधी निवडले, कारण ते तसेही खराब होते. उडवले. खांदा सुटला.

"अहो, पापणी लवेना माझी," राजश्री दारातून म्हणाली.

मग शेंगदाणे खातानाचे उडवले. तिनं चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चव लागत नव्हती. मग हिरव्या साडीतले, मग जांभळ्या. कपाट आलं, सोफा आला. राजश्री आत येऊन सोफ्यावर बसली. सोफा दबला नाही.

"कसं वाटतंय?"

"हलकं. दमलेच होते तशी."

शेवटचा एक फोटो मात्र त्यानं उडवला नाही. कॅमेऱ्याच्या रिकाम्या कार्डात टाकला. मोटारसायकलवर ती नेहमीसारखी मागं बसली, मांडीवर बॅग घेऊन. त्याला पाठीमागं फक्त बॅग लागत होती.

हॉलमध्ये नवरीचे वडील घाईला आलेले. "आवरा ओ फोटोवाले, नवरी निघाली खोलीतून!"

नागेशनं लाईट लावला. "राजे, उभी राहा जरा."

"उभीये की."

त्यानं बटण दाबलं. कॅमेऱ्यानं जागा नाही असं दाखवलं. त्यानं कार्ड काढून पुसलं, परत घातलं. कार्डात तो एकच फोटो होता. जागा नव्हती.

त्यानं मान वर केली. स्टेजवर झेंडूच्या माळांसमोर, छातीच्या उंचीवर, पांढरा कागद होता. दोन्ही कडांना दोन अंगठे.

"घ्या ना अहो," कागदामागून आवाज आला. "हात भरून आले माझे."

नवरी पायऱ्या चढायला लागली. नागेशचा अंगठा डिलीटच्या बटणावर होता. कागद जरासा कलला होता, तो सरळ झाला.