परक्या पोराला मारलेली हाक

मांसाचं विमान आमच्या डोंगरावर आपटलं तेव्हा मी बटाटे काढत होते. खालच्या गवताळ मुलखातून ला पाझ शहराला गोमांस नेणारी ही विमानं नुकतीच सुरू झाली होती. धुक्यात वाट चुकलं मेलं! आत एकटाच पायलट, पाय मोडलेला. माझा नवरा इलारिओन आणि मी त्याला घोंगडीत घालून घरी आणलं.

तीन दिवस पोरगा भिंतीकडे बघत पडून राहिला. अन्न नाही, शब्द नाही, पाणीसुद्धा ओठांवरून ओघळून जायचं.

"याचा जीव वरच राहिलाय," इलारिओन म्हणाला. "भेदरून अंगातून निसटलाय. आणला नाही तर उद्यापर्यंत हा जातोय बघ."

असं झालं की त्या माणसाची टोपी घेऊन, जीव जिथे निसटला तिथे जायचं, नावाने हाक मारायची आणि जीव टोपीतून घरी आणायचा. हाक आईने मारायची. आता याची आई कुठली आणि नाव काय, देव जाणे!

"मी जाते," मी म्हणाले.

"अगं, तू कुठे त्याची आई?"

"कुणाची तरी होते ना? गप बस, त्याच्याकडे बघ."

वर जाऊन टोपी हलवत ओरडले, "ए पोरा, ये!" पण नुसत्या 'पोरा'ला कुठला जीव वळणार? आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "निकानोर! घरी चल राजा, जेवण थांबलंय."

निकानोर माझा मुलगा. खाणीत दगावला. सात वर्षांत ते नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. त्या दिवशी घसा बसेपर्यंत घेतलं.

घरी येऊन टोपी पोराच्या डोक्यावर ठेवली आणि इलारिओनला सगळं सांगितलं. तो उडालाच. "डोकं फिरलं का तुझं? निकानोरला बोलावलंस? मेलेला याच्या अंगात शिरला म्हणजे?"

"शिरू दे," मी म्हणाले, आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. हे पोरही कुणाच्या तरी पोटचंच होतं.

तेवढ्यात पोराने मान वळवली. इलारिओनने माझा हात गच्च धरला.

"मी निकानोर नाही, मावशी," तो पुटपुटला. "मी एवारिस्तो. भूक लागलीय."

"ठाऊक आहे रे बाळा," मी म्हणाले. मला हसूही आलं आणि रडूही.

मी सूप वाढायला घेतलं. एक वाटी एवारिस्तोला दिली आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिले.

"दुसरी पण भर," इलारिओन खेकसला. "जेवायला बोलावलंस ना त्याला?"

आणि ती वाटी त्याने स्वतः दाराशी नेऊन ठेवली.